मागे ये, म्हणजे मैदान दिसेल

चि.स,

अनेक आशीर्वाद.

रात्री उशिरा पाठवलेला तुझा मजकूर सकाळी चहा घेताना वाचला आणि दुपारपर्यंत तो मनातून गेला नाही. प्रशिक्षकांनी तुला आघाडीच्या खेळाडूंच्या पाठीमागून काढून बचावफळीच्या पुढ्यात उभे केले, वर पुढचे सहा महिने लोनवर, म्हणजे करार याच क्लबशी ठेवून तात्पुरता, घराजवळच्या एका लहान संघाकडे जाशील का असेही विचारले, आणि या दोन्ही गोष्टींचा तू एकच अर्थ लावलास की आपल्याला मागे ढकलले. फोनवर बोललो असतो तर ते नुसते समजूत घालणे झाले असते, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे. तुझ्याविषयी मात्र थोडेच लिहीन. बाकीचे पत्र चिलीच्या एका खेळाडूविषयी आहे, आणि त्याचे नाव तू बहुधा ऐकलेले नसेल.

चिलीचा मिडफिल्डर म्हटले की तुमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आर्तुरो विदाल येतो. युव्हेंटस, बायर्न म्युनिक, बार्सिलोना अशी एकाहून एक मोठी नावे त्याच्यामागे आहेत, आणि एका गोलपेटीपासून दुसऱ्या गोलपेटीपर्यंत नव्वद मिनिटे धावण्याची त्याची ताकद बघून कोणालाही तसेच व्हावेसे वाटेल. तुझ्या खोलीतल्या भिंतीवरही त्याचाच फोटो होता, हे मला आठवते. पण ती ताकद ज्याच्या अंगात मुळातच आहे त्याचा तो खेळ आहे. तुझी चण वेगळी आहे, आणि तुझ्या चणीचा माणूस म्हणजे डेव्हिड पिझारो. उंची जेमतेम १७० सेंटिमीटर, पळण्याचा वेग बेताचा, आणि तरीही इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये हा माणूस साधारण दीड दशक टिकला.

पिझारोचा जन्म ११ सप्टेंबर १९७९ रोजी वाल्पाराइसोला झाला. हे चिलीचे जुने बंदर आहे. समुद्राला लागून थोडी सपाट जागा आणि तिच्यामागे टेकड्यांवर चढत गेलेली घरे. तिथल्या सांतियागो वाँडरर्स या क्लबची स्थापना १८९२ ची, म्हणजे तो देशातल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक. पिझारो या हिरव्या जर्सीतच मोठा झाला आणि विशीच्या आतच इटलीतल्या उदिनेझे क्लबने त्याला नेले. उदिने हे इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातले लहान शहर आहे. चिलीत जानेवारीत उकाडा असतो, तेव्हा तिथे हाडे गोठवणारी थंडी पडते. भाषा वेगळी, जेवण वेगळे, आणि इटलीच्या त्या काळातल्या बचावपटूंची शिस्त तर अशी की चेंडू पायाशी येण्याआधीच माणूस अंगावर येई. पहिल्या दोन हंगामांत त्याचा जम बसला नाही. २००१ मध्ये उदिनेझेने त्याला लोनवर परत चिलीला, राजधानी सांतियागोच्या युनिव्हर्सिदाद दे चिले या क्लबकडे पाठवले.

इथे थोडा थांब. विशीच्या आतला मुलगा युरोपात जातो आणि दोन वर्षांत मायदेशी परततो, तेव्हा विमानतळापासून गल्लीपर्यंत सगळे काय म्हणत असतील हे तुला कोणी सांगायला नको. तुझे गाव कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांची जीभ किती धारदार असते हे आपण दोघांनीही भोगले आहे. पण पिझारो तिथे खेळला, सामन्यांची सवय पुन्हा अंगात मुरवली, आणि उदिनेला परतल्यावर मात्र त्याने जागा पक्की केली. तो एकटाच असा नाही. पुढे याच उदिनेझेने अलेक्सिस सांचेझला विकत घेतले, पण इटलीत उतरवण्याआधी त्याला एक हंगाम चिलीच्या कोलो-कोलोकडे आणि दुसरा अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटकडे ठेवले. त्या क्लबच्या हिशेबी लोन ही शिक्षा नव्हती, मुरवणीची बरणी होती. तुझ्या क्लबचा हेतूही तोच असेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण होकार देण्याआधी एवढे विचार: तिथे मला प्रत्येक आठवड्याला किती मिनिटे खेळायला मिळतील, आणि कोणत्या जागेवर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याहून महत्त्वाचे आहे.

आता जागेबद्दल. पिझारोला चिलीत ‘फान्तासिस्ता’ म्हणत. आघाडीच्या मागे राहून दोन जणांना चकवणारा, शेवटचा पास देणारा जादूगार, असा त्या शब्दाचा भाव आहे. उदिनेझेत लुचानो स्पालेत्ती प्रशिक्षक असताना हा जादूगार मैदानात मागे, बचावपटूंच्या पुढ्यात स्थिरावला. इटलीत त्या जागेवरून खेळ चालवणाऱ्याला ‘रेजिस्ता’ म्हणतात, आणि चित्रपटाच्या दिग्दर्शकालाही तोच शब्द आहे. २००४-०५ च्या हंगामात उदिनेझे चौथ्या क्रमांकावर आला आणि त्या लहानशा शहराला पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे, दार उघडले. त्यानंतर लगेच इंटर मिलानने पिझारोला उचलले. पुढे उभे राहून तो इटलीत किती टिकला असता हे कोणाला सांगता येणार नाही, पण टिकला तो मागे आल्यावर, हे नक्की.

हे मी नुसते वाचून सांगत नाही. पिझारो पुढे ज्या रोमा क्लबकडून खेळला त्याचे सामने आपल्याकडे रात्री सव्वाबाराला, थंडीत सव्वा वाजता सुरू होत, आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून ते बघत असे, कारण पलीकडच्या खोलीत सगळे झोपलेले असत. आवाज नसला की एक फायदा होतो: समालोचक चेंडूमागे धावतो, तुमची नजर मात्र हवी तिथे राहू शकते. मी पिझारोवर ठेवत असे. बचावपटूकडे चेंडू आहे आणि पिझारो त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर पाठमोरा उभा आहे. पास सुटण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, मग उजव्या. पास सुटतो, आणि चेंडू वाटेत असताना आणखी एकदा. मागून प्रतिस्पर्धी धावत येतो आहे. पिझारो पाय थोडे फाकवून गुडघ्यात वाकतो, कंबर मध्ये घालतो आणि चेंडू थांबवण्याऐवजी आपल्या अंगासमोरून वाहू देतो. धावत आलेला माणूस त्याच्या कमरेवर आपटून बाजूला जातो, आणि इतका वेळ पाठमोरा असलेला हा बुटका माणूस आता समोर तोंड करून उभा असतो, पुढे सगळे मैदान मोकळे. मग तो घाई न करता मान वर करतो आणि पलीकडच्या बाजूच्या खेळाडूच्या पावलावर चाळीस मीटरचा तिरका पास ठेवतो. उंची कमी असण्याचा इथे फायदाच होतो. अंगाचा तोल खाली राहतो आणि धक्का लागला तरी माणूस पडत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. कधी कधी तो एक स्पर्श जास्त घेई, आणि आपल्याच गोलसमोर चेंडू हरवला की माझ्या पोटात गोळा येई. या जागेवरची चूक सगळ्यांना दिसते आणि चांगले काम फारसे कोणाला दिसत नाही. याची तयारी आत्ताच ठेव.

इंटरमध्ये तो एकच हंगाम राहिला आणि २००६ मध्ये रोमाला गेला, तेव्हा स्पालेत्ती तिथे होते. पुढची गंमत ऐक. तो सोडून गेल्यावर इंटरने २००७ ते २०१० असे सलग चार वर्षे विजेतेपद मिळवले, आणि त्यांतल्या तीन वर्षी दुसऱ्या क्रमांकावर होता तो त्याचा रोमा. २००८ मध्ये अंतर होते तीन गुणांचे, २०१० मध्ये दोन. एखाद्याने कपाळावर हात मारून घेतला असता. पण त्याच इंटरला हरवून रोमाने २००७ आणि २००८ असे दोनदा इटालियन कप जिंकला. २००७ च्या अंतिम फेरीतल्या पहिल्या लढतीचा निकाल तर ६-२ होता. फेब्रुवारी २००८ मध्ये रोममध्ये रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात माद्रिदच्या राऊलने सुरुवातीलाच गोल केला, तेव्हा बरोबरी साधणारा गोल पिझारोचा होता. रोमाने तो सामना २-१ जिंकला आणि नंतर माद्रिदमध्येही त्याच फरकाने जिंकून माद्रिदला बाहेर काढले. आणि त्याआधीच्याच वर्षी, एप्रिल २००७ मध्ये, हाच रोमा मँचेस्टर युनायटेडकडून त्यांच्या घरी ७-१ असा धुऊन निघाला होता. त्या रात्री मी मध्यंतरानंतर टीव्ही बंद केला, हे कबूल करतो. खेळाडूला ती सोय नसते.

मँचेस्टरशी त्याचा आणखी एक संबंध आला. जानेवारी २०१२ मध्ये हंगाम संपेपर्यंत तो लोनवर मँचेस्टर सिटीत गेला. इंटरमधले त्याचे जुने प्रशिक्षक रोबेर्तो मँचिनी तिथे होते. लीगमध्ये त्याला मोजकेच सामने मिळाले. आघाडीच्या अग्वेरोच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलने सिटीने ती लीग केवळ गोलफरकावर जिंकली, हे तुला पाठ आहे; त्या संघात पिझारो होता हे मात्र तुला माहीत नव्हते, पैजेवर सांगतो. बत्तिसाव्या वर्षी परदेशात बाकावर बसलेल्या खेळाडूला लोक संपला असे समजतात. त्याच उन्हाळ्यात तो फिओरेंतिनात गेला आणि विन्चेंझो मोंतेल्लाच्या हाताखाली बोर्हा वालेरो आणि आल्बेर्तो अक्विलानी यांच्याबरोबर त्याची अशी त्रयी जमली की चेंडू त्यांच्यात फिरायला लागला की समोरच्या संघाला तो सहजासहजी मिळत नसे. तीन हंगाम तो तिथे खेळला. वय वाढते तसे पाय मंद होतात, पण मागे वळून बघायची सवय मंद होत नाही; या जागेवरचे खेळाडू उशिरापर्यंत टिकतात ते यामुळे.

एका बाबतीत मात्र त्याचे अनुकरण करू नकोस असे मी म्हणेन. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये चिलीने कांस्यपदक जिंकले, त्या संघात तो होता. पुढे २००५ मध्ये त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली, वय अवघे पंचवीस-सव्वीस. त्याची कारणे त्याच्यापाशी. बाहेरून त्यावर निवाडा देणे सोपे असते. पण क्लबमधली त्याची सर्वांत चांगली वर्षे त्यानंतरचीच आहेत, आणि २०१० मध्ये चिली दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक खेळत होता तेव्हा तो त्या संघात नव्हता. २०१३ मध्ये होर्खे साम्पाओलींच्या काळात तो परतला खरा, पण २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम संघात त्याचे नाव आले नाही. म्हणजे इतक्या दर्जाचा खेळाडू विश्वचषकात एकदाही खेळला नाही. चिलीने ४ जुलै २०१५ रोजी सांतियागोमध्ये अर्जेंटिनाला पेनल्टींवर हरवून पहिल्यांदा कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद, जिंकली, तेव्हा पस्तिशीतला पिझारो संघात होता; एवढी भरपाई तरी त्याच्या वाट्याला आली.

तुझ्याच वयाचा असताना मीही असेच एक दार आपटले होते. ज्या संघाकडून खेळत होतो त्याच्या प्रशिक्षकांनी मला मागे राहायला सांगितले, मी तीन सामने तोंड पाडून खेळलो आणि चौथ्याला गेलोच नाही. हंगाम संपल्यावर त्यांनी मला परत बोलावले नाही, आणि मीही विचारायला गेलो नाही. माझ्या जागेवर आलेला मुलगा पुढे दहा वर्षे त्या संघाचा कणा होता. ही गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती.

पिझारो युरोपातून निघाला तो २०१५ मध्ये थेट वाँडरर्समध्ये, वाल्पाराइसोच्या त्याच हिरव्या जर्सीत परतला. त्यानंतर तो पुन्हा युनिव्हर्सिदाद दे चिलेकडे गेला, म्हणजे एकविसाव्या वर्षी ज्या क्लबकडे लोनवर धाडला गेला होता त्याच क्लबकडे, आणि २०१७ मध्ये त्यांच्याबरोबर चिलीचे विजेतेपद जिंकून २०१८ मध्ये थांबला.

आता कामाचे. शनिवारच्या सामन्याचे चित्रण मला पाठव, पण मागच्या वेळेसारखे चेंडूमागे फिरणारे नको. मित्राला सगळ्यांत वरच्या पायरीवर बसव, मोबाईल आडवा धरायला सांग, आणि तुझ्यासह दोन्ही बचावपटू चौकटीत राहतील असे बघ. मला गोल बघायचे नाहीत. पास सुटण्याआधी तू किती वेळा खांद्यावरून मागे बघतोस ते मी मोजणार आहे. मागच्या चित्रणात एकोणीस वेळा चेंडू तुझ्याकडे आला आणि तू चार वेळा बघितलेस. शनिवारी दहा कर. लोनचे काय करायचे ते रविवारी बोलू.

आईला नमस्कार सांग. तिला तुझ्या जेवणाची काळजी वाटते, तिला एकदा फोन कर.

तुझा,
सर