नवीन रुग्ण-मैत्रिणीस: दुखणे कसे सांगावे

ताई, तुमचे सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आले म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात, आणि फायब्रोमायल्जियासारख्या (अंगभर दुखत राहण्याच्या) आजारात रक्ततपासणी किंवा एक्स-रेमध्ये काही न दिसणे हेच नेहमीचे असते; थायरॉईड वगैरे तपासायचे ते दुसरी कारणे वगळण्यासाठी. मला हे कळायला सहा वर्षे लागली, कारण ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी माझ्याऐवजी यजमानांकडे पाहत ‘घरी काही ताण आहे का?’ एवढेच विचारले होते.

तेव्हापासून मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज दोन शब्द लिहिते. नुसते ‘खूप दुखते’ म्हटल्याने डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. पण ‘स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबावे लागले, चौथी पोळी लाटताना मनगट धरले, रात्री तीनला जाग आली’ असे सांगितले की तपासणी नेमकी होते. दुखणे पाळीच्या दिवसांत वाढत असेल, तर तेही न लाजता नोंदवा, कारण एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) साध्या सोनोग्राफीत निसटू शकतो.

अमिट्रिप्टिलीन लिहून दिल्यास आपल्याला वेडे ठरवले असे समजू नका (मी समजले होते, आणि चिठ्ठी महिनाभर पर्समध्येच राहिली). नैराश्यावरचे हे औषध कमी मात्रेत वेदनेसाठीही देतात. उलट, मनानेच रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडू शकतात. चालणे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या अर्ध्या फेरीपासून सुरू करा. बरे वाटले म्हणून एकदम दोन फेऱ्या मारल्यात, तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातील.