जरी–तरीची जोडी आणि इंग्रजी जोडवाक्ये

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमातून दहावीत शिकते. सराव परीक्षेत तिने ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल’ असे वाक्य लिहिले. शिक्षकांनी त्यातील ‘बट’ खोडून गुण कापला. ‘जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही शाळेत गेलो’ या मराठी वाक्यात दोन्ही शब्द चालतात, मग इंग्रजीत एकच का? संयुक्त आणि मिश्र वाक्यांतील फरकही तिला नीट उमगत नाही.
– एक पालक, सातारा

उत्तर : शिक्षकांनी ‘बट’ खोडला ते योग्यच झाले, मात्र ही चूक मराठीच्या पक्क्या सवयीतून आली आहे, हे मुलीला आवर्जून सांगावे. गौण वाक्य (एकटे उभे न राहता दुसऱ्यावर अवलंबून असणारे) प्रधान म्हणजे मुख्य वाक्याला जोडताना मराठी सांध्याच्या दोन्ही बाजूंना खूण ठेवते : जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत. इंग्रजीत अशी खूण सहसा एकाच बाजूला असते. ‘ऑल्दो’ हा शब्द आपल्या वाक्याला गौण करतो, तर ‘बट’ला जोडण्यासाठी समान दर्जाची दोन वाक्ये लागतात. दोन्ही शब्द एकत्र आले की पहिले वाक्य आधीच गौण झालेले असते आणि ‘बट’ने दुसरे वाक्य जोडावे तरी कशाला, हा प्रश्न उरतो.

‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल’ हे संयुक्त वाक्य झाले, कारण त्यात समान दर्जाची दोन वाक्ये आहेत; ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट टू स्कूल’ हे मिश्र, कारण त्यात एक प्रधान आणि एक गौण वाक्य आहे. जुन्या इंग्रजीत ‘दो’च्या जोडीला ‘येट’ आढळतो, अगदी १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्येही. परंतु त्याचा आधार घेऊन ‘ऑल्दो’बरोबर ‘बट’ लिहिता येत नाही.

फरक ओळखण्यासाठी उभयान्वयी अव्ययांच्या, म्हणजे वाक्ये जोडणाऱ्या शब्दांच्या, याद्या पाठ करण्यापेक्षा वाक्य हलवून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. ‘वी वेंट टू स्कूल ऑल्दो इट वॉज रेनिंग’ असा क्रम बदलला तरी वाक्य शाबूत राहते. ‘बट वी वेंट टू स्कूल, इट वॉज रेनिंग’ असे केले तर ते कोसळते. अव्ययासह जागा बदलू शकणारे वाक्य गौण असते. ते आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा, नंतर आले तर बहुधा लागत नाही. समान दर्जाची वाक्ये जोडणारी अव्यये मोजकीच आहेत : अँड, बट, ऑर, नॉर, फॉर, येट आणि सो. ‘हू’, ‘विच’ किंवा ‘दॅट’ने सुरू होणारी गौण वाक्ये मात्र सहसा अशी हलवता येत नाहीत; तिथे ते वाक्य एकटे उच्चारून पाहावे आणि अर्थ अधांतरी राहतो का ते तपासावे.

जरी–तरीइतकीच मुलांना अडवणारी जागा ‘अंटिल’ची आहे. ‘मी येत नाही तोपर्यंत इथेच थांब’ या मराठी वाक्यात ‘नाही’ आहे, म्हणून मुले ‘वेट हिअर अंटिल आय डू नॉट कम’ असे लिहितात. इंग्रजीत ‘अंटिल’ येण्याच्या क्षणापर्यंतची मर्यादा स्वतःच दाखवतो, त्यामुळे ‘वेट हिअर अंटिल आय कम’ एवढेच पुरते. ‘अनलेस’मध्ये तर नकार शब्दाच्या पोटातच आहे : ‘अनलेस यू वर्क हार्ड, यू विल फेल’. यात ‘डोंट’ घातला तर मेहनत करणाराच नापास होईल, असा उलटा अर्थ निघतो!

काळाकडेही लक्ष हवे. ‘पाऊस पडेल तेव्हा आम्ही घरी थांबू’ यात मराठीला दोन्हीकडे भविष्यकाळ चालतो. इंग्रजीत ‘व्हेन’नंतर वर्तमानकाळ येतो, ‘व्हेन इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम’. ‘की’ने जोडलेल्या वाक्यांत सर्वनामे तपासावीत. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ यात बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतो. पण ‘ही सेड दॅट आय विल कम’ लिहिले तर येणारा ‘मी’ म्हणजे लिहिणाराच ठरतो. तिथे ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’ अशी रचना हवी.

प्रश्न : ‘बिकॉज’ने इंग्रजी वाक्य सुरू करू नये, असे आम्हाला शिकवले गेले. हा नियम खरा आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : असा नियम नाही. ‘बिकॉज आय वॉज इल, आय स्टेड ॲट होम’ हे निर्दोष मिश्र वाक्य आहे; फक्त दुसऱ्या भागाआधी ‘सो’ घालू नये. ‘मी आलो नाही. कारण मी आजारी होतो.’ असे मराठीत आपण सर्रास लिहितो. औपचारिक इंग्रजीत मात्र ‘बिकॉज आय वॉज इल’ एवढ्यावरच पूर्णविराम दिला तर वाक्य अर्धवट मानले जाते. शिक्षकांना बहुधा हीच चूक टाळायची असते. याउलट ‘हाऊएव्हर’ आणि ‘देअरफोर’ यांना अनेक जण उभयान्वयी अव्यये समजतात, पण ती क्रियाविशेषणे आहेत. दोन पूर्ण वाक्यांच्या मधे ती आली तर त्यांच्याआधी स्वल्पविराम पुरत नाही, अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यावा लागतो.