बाहेरून बसवलेली उपकरणे आणि जुन्या गाडीची किंमत

प्रश्न : गाडीत मी मोठा टचस्क्रीन, अ‍ॅम्प्लिफायर आणि रिव्हर्स कॅमेरा बाहेरून बसवून घेतले आहेत. गाडी विकताना हा खर्च वसूल होईल का?

उत्तर : बहुधा नाही; किंबहुना काही वेळा किंमत घटते. जाणता ग्राहक पडद्याआधी डॅशबोर्डखाली वाकून तारा पाहतो, आणि मूळ वायरिंग कापून चिकटपट्टीने जोड दिलेले आढळले, की १२ व्होल्टची बॅटरी रात्रभरात उतरण्यापासून शॉर्टसर्किटपर्यंतच्या साऱ्या शंका त्याच्या मनात येतात व तो भाव पाडतो. मूळ तारांना हात न लावता कपलरने (तारा न कापता नुसता खोचून बसवायच्या जोडाने) केलेली जोडणी मात्र सहसा आड येत नाही. कॅमेरा उपयोगाचा, तो राहू द्यावा. अ‍ॅम्प्लिफायर (आवड ज्याची त्याची!) काढून स्वतंत्र विकावा आणि कंपनीचा मूळ स्टिरिओ जपून ठेवला असल्यास तोच पुन्हा बसवावा.