डेसिबल कळायला सोपे, फक्त ‘कशाच्या तुलनेत?’ विचारा

प्रश्न: माझा रेडिओ ५ वॅटचा आहे. ६ डीबी गेनचा अँटेना लावला तर २० वॅट मिळतात म्हणे. ही जादाची शक्ती येते कुठून?

कुठूनच येत नाही. अँटेनात बॅटरी नाही की ट्रान्झिस्टर नाही. ५ वॅट आत गेले, तर बाहेर पडणार ५च, खरे तर किंचित कमी. टॉर्चच्या बल्बमागे आरसा बसवला की बल्ब तोच राहतो, पण समोर झोत पडतो. गेन तो एवढाच. डीबी म्हणजे डेसिबल, किती पट ते सांगणारे माप. ६ डीबी म्हणजे चौपट, म्हणून झोताच्या दिशेला २० वॅटसारखा सिग्नल जातो आणि बाकीच्या दिशांना तेवढा कमी पडतो.

या झोताला कमी लेखू नका. व्हॉयेजर यानाचा ट्रान्समीटर जेमतेम २३ वॅटचा आहे. पण त्याच्या ३.७ मीटर व्यासाच्या डिशचा गेन एक्स-बँड या रेडिओ पट्ट्यावर ४८ डीबीआय (यातला ‘आय’ पुढच्या उत्तरात), म्हणजे साठ हजार पटींहून जास्त आहे. म्हणून तर सूर्यमालेच्या टोकावरून त्याचा आवाज पृथ्वीवर ऐकू येतो.

मात्र जास्त गेन म्हणजे नेहमीच चांगला अँटेना, असे नाही. उभ्या अँटेनाचा गेन वाढवला की झोत क्षितिजाकडे चपटा होत जातो. तुम्ही पायथ्याशी आणि रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा संच) डोक्यावरच्या कड्यावर असेल, तर ९ डीबीच्या लांबलचक काठीपेक्षा साधा छोटा अँटेना बरा चालेल.

प्रश्न: एका अँटेनावर ७ डीबीआय लिहिलंय, दुसऱ्यावर ६ डीबीडी. कुठला घेऊ?

दुसरा. डीबीआय म्हणजे सगळीकडे सारखे प्रसारण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत, तर डीबीडी म्हणजे डायपोलच्या, म्हणजे दोन दांड्यांच्या साध्या अँटेनाच्या, तुलनेत. डायपोलचा स्वतःचा गेन २.१५ डीबीआय आहे, त्यामुळे ६ डीबीडी म्हणजे ८.१५ डीबीआय. नुसतेच ‘डीबी’ छापले असेल, तर मी ते डीबीआयच धरतो, कारण त्यात आकडा मोठा दिसतो.

प्रश्न: सिग्नल उणे ९० डीबीएम चांगला की उणे ७०?

उणे ७०, आणि तोही शंभर पट, कारण २० डीबीचा फरक म्हणजे शंभर पट. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. त्याखाली गेलात की उणे चिन्ह लागते.

प्रश्न: समोरच्याला मी नीट ऐकू येत नाही. ५० वॅटचा सेट काढून १०० वॅटचा घेऊ का?

थांबा. दुप्पट शक्ती म्हणजे फक्त ३ डीबी. एस-मीटरचे (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचे) एक घर ६ डीबीचे धरतात, म्हणजे समोरच्याचा काटा अर्धेच घर सरकेल. शिवाय तुम्हाला त्याचे ऐकू येण्यात काडीचाही फरक पडणार नाही.

त्याआधी सेटपासून अँटेनापर्यंतची केबल बघा. आरजी-५८ या पातळ प्रकारची १५ मीटर केबल असेल, तर १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे ३ डीबी तिच्यातच जातात. ५० वॅट पाठवता, पण अँटेनापाशी २५च पोचतात. उरलेले केबल गरम करण्यात खर्ची पडतात. येणारा सिग्नलही त्याच वाटेने निम्मा होतो. जाड, कमी लॉसची केबल टाका, जोड पाण्यापासून नीट झाका आणि शक्य असेल तर अँटेना आणखी उंच न्या. उंची वाढवताना केबलही लांबेल, तिचा लॉस आधी मोजून घ्या.