गोव्याच्या मांडवी-झुआरी नद्यांत चोणक आणि तांबोशी, या दोन्ही माशांसाठी एकच रॉड घ्यायचा तर कोणता?

७ फुटी, मीडियम-हेवी (मध्यमाहून जरा ताकदीचा), फास्ट अ‍ॅक्शनचा (मुख्यतः टोकाकडे वाकणारा) स्पिनिंग रॉड घ्या. १० ते ३० ग्रॅमची लूर (नकली आमिष) झेपणारा. तांबोशी गरी लागताच खारफुटीच्या मुळांत नाहीतर पुलाच्या खांबामागे घुसते, तिथून ओढून काढायला रॉडच्या बुंध्यात जोर हवा. चोणक उड्या मारून डोके झटकतो, त्यासाठी टोक जरा नरम. (खरे तर लीडर, म्हणजे मुख्य दोरीच्या टोकाला लूरआधी बांधायचा जाड दोरीचा तुकडा, रॉडइतकाच महत्त्वाचा: चोणकाच्या कल्ल्याची धार बारीक दोरी सहज कापते. ४० पौंडांचा लावा.) रीळ ४००० साइजचे पुरे. दोन तुकड्यांचा रॉड स्कूटरवर नेता येतो. फक्त कळंगुटसारख्या किनाऱ्यावरून लाटांपलीकडे फेकायचे असेल तर हा तोकडा पडेल. तिथे १०-१२ फुटीच लागतो.