डॉक्टरांसमोर बाबा नीट चालतात, मग फोन काही सांगेल का?

प्रश्न : बाबांना पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली, गोळ्या वेळेवर चालू आहेत. पण दुपारी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दारात तर अडकूनच उभे राहतात. आणि डॉक्टरांकडे गेलो की मस्त चालून दाखवतात, डॉक्टर म्हणतात छान चाललंय की! भाऊ म्हणतो फोनमध्ये अ‍ॅप टाकू नाहीतर स्मार्टवॉच घेऊ, सगळं मोजलं जाईल. खरंच असं होतं का?

उत्तर : पहिल्यांदा एक सांगते, बाबा नाटक करत नाहीयेत हो. तिथे ते प्रत्येक पावलाकडे लक्ष देऊन चालतात आणि बहुतेकदा निघायच्या आधी गोळी झालेली असते. या गोळ्यांतलं मुख्य औषध म्हणजे लेवोडोपा, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन. लेवोडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीला मेंदूतल्या शिल्लक पेशी डोपामिन साठवून ठेवतात म्हणून काही जाणवत नाही, पण पुढे त्या पेशीच कमी होत जातात आणि मग पुढच्या गोळीआधी माणूस 'ऑफ' होतो, म्हणजे औषधाचा असर उतरून हालचाल पुन्हा अडखळते. डॉक्टरांना दिसतात ती दहा-पंधरा मिनिटं, तुम्हाला दिसतो अख्खा दिवस.

आता फोनचं. त्यातल्या अ‍ॅक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोप या सेन्सरना हालचाल कळते. पार्किन्सन्सची थरथर हात स्वस्थ असताना सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होते, त्यामुळे ती ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. हालचालीतला मंदपणा मोजायला स्क्रीनवरची दोन बटणं दोन बोटांनी आलटून पालटून दाबायला लावतात, वेग आणि लय कशी बिघडते ते दिसतं. 2015 मध्ये एमपॉवर नावाच्या अ‍ॅपवर असाच मोठा अभ्यास सुरू झाला, बोटं, आवाज, चालणं, स्मरणशक्ती सगळं फोनवरच. हजारो लोक आले, पण बरेचसे थोड्याच दिवसांत गळाले. रोज रोज टेस्ट देणार कोण, तुम्हीच सांगा! म्हणून मनगटावरचं घड्याळ बरं, ते गुपचूप मोजत राहतं, फक्त ज्या हाताला जास्त त्रास आहे त्याच हातावर बांधा.

पण खरी मेख पुढे आहे. औषध कमी पडलं की थरथर वाढते, आणि औषधाचा जोर जास्त झाला की अंग वेडंवाकडं हलायला लागतं, त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. दोन्ही हालचालीच, उपाय मात्र उलटे. चांगली उपकरणं हा फरक ओळखायचा प्रयत्न करतात, पण साध्या अ‍ॅपने 'आज हालचाल जास्त' एवढंच सांगितलं तर त्यातून तुम्ही काय समजणार? शिवाय तुमची मुख्य तक्रार पाय अडकण्याची, आणि खिशातल्या फोनला माणूस अडकलाय की आपला नुसताच उभा आहे हे नेहमी कळेलच असं नाही.

त्यामुळे माझं मत विचाराल तर घड्याळ नंतर घ्या, आधी फोनचा कॅमेरा वापरा. अपॉइंटमेंटच्या आधीचे दोन-तीन दिवस गोळी आणि जेवण नेमकं किती वाजता झालं ते लिहा (जेवणातल्या प्रोटीनमुळे काही जणांना गोळी कमी लागू पडते, दुपारचा घोळ तिथेही असू शकतो), आणि गोळीच्या आधी, गोळीनंतर तासाभराने, आणि अडकतात त्या दारात असे छोटे व्हिडिओ काढा, पाय फ्रेममध्ये आले पाहिजेत, आणि शूटिंगच्या नादात त्यांचा तोल जाईल तर धरायला दुसरं कोणीतरी शेजारी हवं. बाबांना विचारून काढा बरं का, चोरून नाही. आकडे बघून स्वतःच डोस वाढवू नका, आणि गोळ्या एकदम बंद तर अजिबात करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : आईचेही पाय असेच अडकतात. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखा टिकटिक ठेका, लावला तर फायदा होतो म्हणे?

उत्तर : काही जणांना होतो. ठेक्यावर पाऊल टाकलं की अडकलेली चाल सुटते, जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या तरी तसंच. वेग किती ठेवायचा ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या, फार जलद ठेका लावला तर पावलं आखूड होऊन आई पुढे झुकत पळायला लागेल.