पनीर-दह्याच्या छोट्या डेअरीचं सांडपाणी जैविक पद्धतीने शुद्ध होतं का? कल्चर टाकूनही टाकीचा वास जात नाही.

तुम्ही लिहिलंय की मोहोळजवळ रोज 10,000 लिटर दुधाचं युनिट आहे, एरेशन टाकीला (जिथं पाण्यात हवा सोडतात) आंबट वास मारतो आणि बॅक्टेरियाची पावडर आणून टाकली तरी पाणी दुधाळच राहतं. शुद्ध होतं हो, नक्की होतं. दुधातली साखर, प्रथिनं हे जिवाणूंचं आवडतं खाणं. पण पावडरीवर आता आणखी पैसे घालू नका.

सोलापूर भागातल्या डेअऱ्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लँट, बघणं हेच माझं काम. अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, पनीरचं पाणी कुठं सोडता? बहुतेक वेळा उत्तर येतं, गटारीत. आता हिशोब बघा. हजार लिटर दुधाचं पनीर केलं की 800 लिटरच्या वर पाणी निघतं. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 35 ते 50 ग्रॅम, म्हणजे रोजचा 30 किलोच्या आसपास भार. धुण्याचं पाणी 20,000 लिटर धरलं आणि त्याचा बीओडी लिटरला दीड ग्रॅम धरला, तर त्याचाही भार 30 किलोच. एवढ्याशा पाण्याने प्लँटचं काम दुप्पट केलं! एक किलो बीओडी खायला जिवाणूंना साधारण एक किलो ऑक्सिजन लागतो. तो मिळाला नाही की साखरेचं लॅक्टिक ॲसिड होतं, पीएच साडेचारच्या आसपास उतरला की प्रथिन फाटून तळाला बसतं आणि तिथं सडतं. तुमचा वास तिथूनच येतोय.

म्हणून पनीरचं पाणी वेगळ्या टाकीत धरा. ताजं असताना जनावरांना थोडं थोडं सवयीने पाजता येतं, किंवा गोबरगॅसला द्या. आपल्याकडचं ऊन इथं कामाला येतं, कारण गॅस करणाऱ्या जिवाणूंना 30 ते 37 अंश मानवतं. टाकीतल्या हवेचं मात्र उलटं आहे. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच. एप्रिल-मेमध्ये हवा सोडणारा ब्लोअर कमी पडतो तो यामुळेही.

दुसरी गोष्ट सीआयपीची, म्हणजे मशीन न खोलता आतून धुण्याची. त्यातलं कॉस्टिक सोडा आणि नायट्रिक ॲसिडचं पाणी एकदम टाकीत गेलं तर आहेत ते जिवाणूही मरतात. आधी तुपकट थर काढणारी टाकी, मग किमान 12 तासांचं पाणी मावेल अशी इक्वलायझेशन टाकी (कमी-जास्त येणारं पाणी एकत्र मिसळून घेणारी), त्यात सारखी हवा, आणि तिथून पंपाने एकसारखा प्रवाह पुढे. या टाकीवर पैसे वाचवलेले मला तरी कुठं फायद्याचे दिसले नाहीत.

पावडरीऐवजी चांगल्या चालणाऱ्या ईटीपीचा टँकरभर गाळ आणा. तेच खरं विरजण. तळाला बसलेला गाळ रोज परत एरेशनला फिरवा आणि जास्तीचा काढत राहा. लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवा. गाळ 300-400 मिलिलिटरला बसला तर ठीक. 900 वर अडकून, कापसासारखा तरंगत राहिला तर बहुतेक वेळा धाग्यासारखे जिवाणू वाढलेले असतात, आणि डेअरीत त्याचं नेहमीचं कारण कमी हवा. लाईट जाते तेवढा वेळ ब्लोअर बंद राहत असेल तर जनरेटरवर आधी तो घ्या, ऑफिसचा एसी नंतर.

केंद्रीय मानकात डेअरीसाठी लिटरमागे बीओडी 100, तेल-तूप 10 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रात त्याहून कडक आकडा असू शकतो, तोच पाळा.

आणि पाणी उसाला सोडणार असाल तर कॉस्टिकमधलं सोडियम जिवाणू खात नाहीत. बीओडी 20 वर आला तरी ते तसंच पाण्यात राहतं आणि काळी जमीन हळूहळू चोपण होते, म्हणजे घट्ट होऊन पाणी मुरत नाही. सीआयपीचं कॉस्टिक टाकीत साठवून पुन्हा वापरा, आणि शेताला सोडण्याआधी पाण्याचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती, तो आकडा) तपासून घ्या.